गाणारा आणि घुमणारा

पहिली कॅनरी मी ‘गॅरंटीने नर’ म्हणून आणली. दुकानात गाणं ऐकूनच पैसे मोजले होते. ते शेजारच्या पिंजऱ्यातून येत होतं, हे कळायला चार आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात आमच्या ‘गवयाने’ दाण्याच्या वाटीत फिक्या निळ्या रंगाचं, तपकिरी ठिपक्यांचं अंडं घातलं. आई म्हणाली, “राहू दे. गात नाही म्हणून सून परत पाठवतात का?”

कॅनरीत गातो तो नर. मादी फार तर चिवचिवते. दिसायला दोघं सारखीच. म्हणून पक्षी घेताना तो वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायला सांगावं आणि गाताना त्याचा गळा फुगताना आपल्या डोळ्यांनी पाहावं. कानांवर विसंबू नये. पायात लहानपणी चढवलेलं अखंड कडं असेल तर फार चांगलं. असं कडं पिल्लाच्या पायातच घालता येतं, त्यामुळे पक्षी पिंजऱ्यात जन्मलेला आहे याची ती खूण.

ही खूण महत्त्वाची, कारण आपल्याकडे पोपट, मुनिया, बुलबुल, मैना हे देशी पक्षी पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पाखरांच्या बाजारात साध्या मुनियांना हिरवा-गुलाबी रंग फासून ‘फॉरेनची चिमणी’ म्हणून विकतात. पहिल्या अंघोळीत फॉरेन वाहून जातं. खरोखरच्या परदेशी पक्ष्यांपैकीही जावा स्पॅरोसारखे जे ‘साइटिस’ या वन्यजीव-व्यापाराच्या कराराच्या यादीत आहेत, त्यांची नोंदणी २०२२च्या दुरुस्तीपासून करावी लागते. कॅनरी आणि डायमंड डव्ह हा होला त्या यादीत नाहीत. आमच्या गॅलरीत सध्या हेच दोघे आहेत: एक पिवळा गाणारा, एक राखाडी घुमणारा.

दोघांची पोटं वेगळी. कॅनरी दाणा चोचीत फिरवून सोलते आणि टरफल तिथेच टाकते. त्यामुळे वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी असतो. नवशिक्यांचे पक्षी याच चुकीने जातात. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारायची, टरफलं उडवायची, मग खाली काय उरलंय ते पाहायचं. कॅनरी सीड, राळे, थोडे कारळे, चिमूटभर अळशी. कारळे तेलकट, आणि पक्षी तेच आधी वेचून खातो. पोरांना चिवड्यातले शेंगदाणे, तसं. म्हणून हात आखडता. कोथिंबीर, मेथी, पालक स्वच्छ धुऊन. पिल्लं असतील किंवा पिसं झडत असतील तेव्हा उकडलेलं अंडं कुस्करून, पण दोन-तीन तासांत उचलायचं, आपल्या हवेत ते लगेच उतरतं. कॅल्शियमसाठी पिंजऱ्याच्या गजाला समुद्रफेस अडकवतो. आम्ही तो दापोलीच्या किनाऱ्यावरून वेचून आणतो, दोन दिवस पाणी बदलत भिजवतो आणि कडक उन्हात वाळवतो.

होला दाणा सोलत नाही, अख्खा गिळतो. तो दळायचं काम पोटातल्या खड्यांचं, म्हणून त्याला बारीक खडी वेगळ्या वाटीत लागते. पाण्याचीही गंमत आहे. कॅनरी घोट घेऊन मान वर करते. होला चोच बुडवून गाईसारखा एकदम ओढून पितो. त्याची वाटी जरा खोल हवी.

पिंजरा उंच नको, लांब हवा. पक्षी आडवा उडतो, लिफ्टसारखा वर-खाली नाही. घुमटाचे गोल पिंजरे फक्त फोटोत शोभतात. गजांमधलं अंतर सेंटिमीटरभर. बसायला दुकानातल्या गुळगुळीत काठ्यांऐवजी पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या फांद्या, जाडी कमी-जास्त असलेल्या, म्हणजे पायाला रोज तीच पकड पडत नाही. एक बाजू भिंतीला लागलेली असली की पाखरू निर्धास्त बसतं. हाताची सवय लावायची तर हात आत घालून पकडापकडी करू नये. रोज ठरल्या वेळी जवळ बसावं, हळू बोलावं, कोथिंबिरीची काडी गजांतून धरावी. आमच्या नराने ती पहिल्यांदा ओढली ती सतराव्या दिवशी.

आता गाणं. रानातली कॅनरी मुळात पिवळी नाहीच, हिरवट आणि रेघांची. कॅनरी बेटं, मदेरा, अझोर्स हा तिचा मुलूख. बेटांचं नाव लॅटिनमधल्या कुत्र्यावरून आलं आणि पाखराचं बेटांवरून. तिचं सर्वांत नामांकित घराणं मात्र जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातलं, सांक्ट आंद्रेयासबेर्गच्या खाणकामगारांनी घडवलेलं. हे ‘हार्त्स रोलर’ चोच मिटून खर्जात गातात. तिथली रीत अशी, की तरुण नरांना लहान पिंजऱ्यांत मंद उजेडात ठेवायचं आणि जवळ एक जाणता गाणारा नर ठेवायचा. पोरांनी ऐकायचं, आधी पुटपुटायचं, मग सूर लावायचा. कारण कॅनरीचं गाणं बरंचसं ऐकून घडतं. फ्रान्सच्या श्रीमंत घरांत अठराव्या शतकात यासाठी हाताने फिरवायची छोटी पेटी होती, ‘सेरिनेत’. तीच धून पुन्हापुन्हा वाजवून पाखराला शिकवायची. चित्रकार शार्दँने अशी पेटी फिरवणारी बाई रंगवली आहे, ते चित्र लूव्रमध्ये आहे. आजची सेरिनेत म्हणजे मोबाइल. पण रेकॉर्डिंग दिवसभर लावून ठेवणाऱ्यांना मी हात जोडतो. पाखराला झोपेइतकी शांतताही लागते. आमचा नर तर मोबाइलला दाद देत नाही, मिक्सर लागला की मात्र चढ्या आवाजात सुरू होतो.

गंमत अशी, की हे शिकणं एकदाच होऊन संपत नाही. पिसं झडायच्या दिवसांत नर गप्प होतो, मालक घाबरून डॉक्टर गाठतो. नवी पिसं आली की तो पुन्हा पुटपुटू लागतो आणि पुढच्या हंगामासाठी गाण्यात नवे तुकडे बसवतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फर्नांडो नोटेबोम यांनी १९८०च्या दशकात प्रौढ कॅनरीच्या मेंदूत नव्या चेतापेशी तयार होतात हे दाखवलं. मोठेपणी मेंदूत नवीन पेशी येत नाहीत, ही समजूत हलवण्यात या वीस ग्रॅमच्या जिवाचा मोठा वाटा.

आणि होला? त्याला काही शिकवायचं नसतंच. दुसऱ्या जातीच्या होल्यांनी वाढवलेलं पिल्लूही मोठं झाल्यावर आपल्याच जातीचं घुमतं. डायमंड डव्ह ऑस्ट्रेलियाचा, वीतभर, पंखांवर पांढरे ठिपके, डोळ्याभोवती लाल कडं. नर शेपटीचा पंखा करून वाकून घुमतो, तो मुजरा कोणी शिकवलेला नाही. जावामध्ये ‘पर्कुतुत’ नावाच्या चिमुकल्या होल्याच्या आवाजाच्या स्पर्धा भरतात. उंच खांबांवर पिंजरे चढवतात, खाली पंच कान देऊन बसतात. पण तालीम नावापुरती; चांगला आवाज हवा तर चांगल्या आवाजाची जोडी लावायची. तिथले शौकीन म्हणूनच पाखरांच्या वंशावळी सांगतात.

होल्याची वीणही बघण्यासारखी. दोन पांढरी अंडी, साधारण तेरा दिवस दोघं आळीपाळीने बसतात, आणि मग नर-मादी दोघंही गळ्याच्या पिशवीत तयार झालेलं ‘दूध’ पिल्लाला पाजतात. बापाला दूध येतं हे आमच्या मातोश्रींनी दोनदा विचारून खात्री करून घेतलं.

होल्याचा एक दोष: रात्री दचकला की सरळ वर झेपावतो आणि डोकं फोडून घेतो. म्हणून त्याच्या पिंजऱ्याचं छत आतून कापडाने मऊ केलं आहे आणि रात्री झिरोचा दिवा असतो. दिवाळीत दोन्ही पिंजरे आतल्या खोलीत, खिडक्या बंद. आवाजापेक्षा धूर वाईट. पक्ष्याच्या शरीरात हवा फुप्फुसांतून एकाच दिशेने वाहत जाते, श्वास आत घेताना आणि सोडतानाही प्राणवायू ओढला जातो, त्यामुळे विषही तितक्याच वेगाने भिनतं. म्हणूनच ब्रिटनच्या कोळसा खाणींत कॅनरी न्यायचे. ती प्रथा १९८६मध्ये यंत्रं आल्यावर संपली. आपल्या घरातली खाण म्हणजे स्वयंपाकघर. नॉनस्टिक तवा रिकामा तापला, की त्याच्या वाफेने पाखरू मिनिटांत जातं. आमच्याकडे फराळ बिडाच्या आणि लोखंडी कढईतच होतो.

यंदाही चकल्या तळताना स्वयंपाकघराचं दार लावलेलं असेल. आतल्या खोलीत होला नेहमीचंच घुमत असेल. नराची पिसं नुकतीच भरली आहेत. मान आत ओढून, चोच मिटून तो सकाळपासून काहीतरी पुटपुटतोय. अजून ओळखू येत नाही.