गेमिंग पण, कोडिंग पण: मग लिनक्स कुठलं?

(ह्या भागाचं लिखित रूप. कानात हेडफोन नसतील तर लोकलमध्ये वाचून काढा.)

मागे लोकलचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या. बदलापूरला स्टेशनजवळच्या घरातच रेकॉर्ड करतोय.

आजचा विषय माझ्या मावसभावाचा. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. लॅपटॉप कुणाचा तरी वापरलेला: सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० कार्ड. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ हा प्रोसेसर घेत नाही. मावशीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "नवीनच घ्यावा लागेल का रे? यंदा फी भरतानाच नाकी नऊ आलेत." भाऊ म्हणाला, "दादा, गेमिंग आणि कोडिंग दोन्हीला बेस्ट लिनक्स सांग ना."

मी त्याला डिस्ट्रोचं नाव सांगितलंच नाही. आधी तीन प्रश्न विचारले.

१. कोड कशात लिहितोस?

पायथन, सी++ आणि थोडं जावा, म्हणाला. मग हा प्रश्न इथेच संपला. गिट, व्हीएस कोड, कंपायलर हे सगळं कुठल्याही मोठ्या डिस्ट्रोवर मिळतं. डॉकर तर विंडोजपेक्षा हलकं पडतं, कारण मध्ये व्हर्च्युअल मशीन लागत नाही. कोडिंगसाठी डिस्ट्रो निवडत बसू नका.

२. गेम कुठले खेळतोस?

खरी मेख इथे आहे. स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीनं २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं. हा एक दुभाषा समजा. गेम विंडोजच्या भाषेत बोलतो, प्रोटॉन ते लिनक्सला समजेल असं करून देतं. डायरेक्टएक्सच्या आज्ञा व्हल्कनमध्ये बदलून कार्डाकडे जातात. २०२२ चा स्टीम डेक ह्याच्याच जोरावर चालतो. आणि हा दुभाषा स्टीमबरोबर येतो, त्यामुळे डिस्ट्रो बदलला म्हणून गेम दुप्पट पळत नाही.

अडतं ते अँटी-चीटपाशी. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये शिरून बसतं, म्हणून लिनक्सवर व्हॅलोरंट नाही. फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजंड्सनं २०२४ मध्ये लिनक्सचं दार बंद केलं. जीटीए ५ ची स्टोरी चालते, पण सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आल्यापासून ऑनलाइन गेलं. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र थेट लिनक्ससाठीच बनवलेले आहेत. तुमचा गेम प्रोटॉन-डीबी नावाच्या साइटवर शोधा. लोकांनी कुठल्या कार्डवर कसा चालला ते लिहिलेलं असतं.

भावाचा चेहरा पडला. त्यांचा अख्खा ग्रुप रात्री व्हॅलोरंट खेळतो. लिनक्स घेतलं की तो एकटा बाहेर. हे आधी कळलेलं बरं, फॉरमॅट मारल्यावर नाही.

३. मोडलं तर उभं करायला वेळ आहे का?

हा प्रश्न मी स्वतः शिकलो तो ठेच लागून. दोन वर्षांपूर्वी मी एक रोलिंग डिस्ट्रो वापरायचो. रोलिंग म्हणजे सगळं कायम ताजं, रोज काही ना काही अपडेट. जुलैतली रात्र, बाहेर धो धो पाऊस. मोठा अपडेट लावला आणि मध्येच लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी तर कधीच मेलेली. लाइट आली तेव्हा मशीन बूटच होईना. सकाळी ऑफिसमध्ये डेमो, आणि त्याचं निम्मं काम त्यातच, कुठे पुश न केलेलं. पहाटे तीनपर्यंत पेन ड्राइव्हवरून फाइली काढत बसलो. ६:४० ची लोकल उभ्यानं झोपत काढली.

म्हणून डिस्ट्रोंकडे मी आता असं बघतो:

- लिनक्स मिंट: उबुंटूच्या एलटीएस आवृत्तीवर उभा. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सपोर्ट. ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर दोन क्लिकमध्ये. टाइमशिफ्ट आधीपासून असतं. अपडेटआधी स्नॅपशॉट घ्या, बिघडलं तर मागे या.
- फेडोरा: दर सहा महिन्यांनी नवा, प्रत्येकाला साधारण १३ महिने सपोर्ट. ताजी टूल्स हवीत आणि अपग्रेडचा कंटाळा नाही, त्यांच्यासाठी.
- बझाइट: फेडोरावर बेतलेला, गेमिंगसाठी सजवलेला. नवा अपडेट बाजूला तयार होतो आणि रीस्टार्टनंतरच लागू होतो. मध्येच लाइट गेली तरी जुनी सिस्टिम शाबूत. मात्र कोडिंगची टूल्स कंटेनरमध्ये ठेवायची सवय लावावी लागते.
- आर्च: शिकायला झकास. पण एकुलत्या एका लॅपटॉपवर, सबमिशनच्या आठवड्यात? नको.

भावासाठी मिंट ठरलं. जीटीएक्स १० मालिकेला धरून असणारी एनव्हिडियाची शेवटची ड्रायव्हर शाखा ५८० आहे. जुन्या कार्डाला सगळं ताजं लावण्यात फायदा नाही, स्थिर हवं.

उल्हासनगरला तीन नंबरमधून एक एसएसडी आणि पेन ड्राइव्ह आणला. ("मेड इन यूएसए" नाही ना, हे दुकानात दोनदा विचारलं!) आधी पेन ड्राइव्हवरून मिंट लाइव्ह चालवून वायफाय, आवाज, ब्राइटनेस तपासलं. फाइलींचा बॅकअप घेतला. मग नव्या एसएसडीवर मिंट, जुन्या डिस्कवर विंडोज तसंच. तुम्ही करणार असाल तर गेम विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवर ठेवू नका, प्रोटॉन तिथे रुसतं. लिनक्सच्याच पार्टिशनवर ठेवा.

आता कॉलेज, कोड, काउंटर-स्ट्राइक मिंटवर. विंडोज फक्त रात्रीच्या व्हॅलोरंटपुरतं. सपोर्ट संपलेल्या सिस्टिमवर बँकेचं किंवा मेलचं लॉगिन करायचं नाही, एवढी शपथ घातलीय.

मावशीचा नव्या लॅपटॉपचा खर्च सध्या तरी टळला. भावाला परवा विचारलं, अपडेटआधी स्नॅपशॉट घेतोस ना? म्हणाला, "हो दादा, आणि आभाळ बघूनच अपडेट मारतो."

तुमचं कार्ड आणि रोजचे तीन गेम लिहून पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर बॅकअप घ्या!