आधी पेंढा, मग अळंबी

वागळे इस्टेट म्हटले की कानांत यंत्रांची घरघर घुमू लागते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे काम १९६२ च्या ऑगस्टात सुरू झाले, ते इथूनच. अशा ठिकाणी अळंबीची गोष्ट कशाला, असे आपण विचाराल. पण अळंबीला शेत लागत नाही. थंड, हवा खेळती असलेला एखादा गाळा आणि स्वच्छ पाणी असले, की धिंगरी अळंबी तिथेही येते. अडते ते दुसरीकडेच. पहिल्या खेपेच्या पिशव्या छान पांढऱ्या होतात आणि पुढच्या खेपेला त्यांच्यावर हिरवी बुरशी चढते. मग बियाण्याला बोल लावतात. पेंढा मात्र कोणी तपासत नाही.

आता असं पहा, अळंबी हीही बुरशीच. उन्हातून अन्न करणे तिला जमत नाही. खायचे ते पेंढ्यातलेच. पेंढ्यातला कठीण, काष्ठमय भाग फोडून खाण्याची ताकद धिंगरीत आहे, पण तिचे जेवण सावकाश. हिरवी बुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा, उतावळी. सुटी साखर, पिष्ट दिसले की तिने हातपाय पसरलेच. (गंमत अशी, की शेतात मूळकूज रोखायला आपण हीच बुरशी मुद्दाम घालतो!)

म्हणून मुरबाड-शहापूरकडून पेंढा आणाल तो त्याच हंगामाचा, पिवळाधमक आणि पावसात न भिजलेला बघून घ्या. काळपट पेंढ्यात दुसऱ्या बुरशींनी आधीच घर केलेले असते. इस्टेटीत फुकट मिळणारा पेट्यांचा भुसा किंवा यंत्रे पुसलेले सुताचे वेस्ट यांचा मोह नको. त्यांत तेल, रंग, औषधे काय काय मुरलेले असेल, कोण सांगणार?

पेंढ्याचे बोटभर तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवावेत, मग ८० अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात तासभर बुडवावेत. एवढ्याने सगळेच जंतू मरत नाहीत, आणि ते बरेच आहे. उष्णता सोसून उरलेले काही जिवाणू हिरव्या बुरशीला जागा देत नाहीत. मग निथळू द्यावे. मूठ घट्ट दाबली तर तळवा ओला व्हावा, पण थेंब गळू नये. जास्त पाणी राहिले तर आत हवा जात नाही, पेंढा आंबतो आणि धिंगरीचे धागे थबकतात.

भाताचा कोंडा घातला तर पीक वाढते, हे खरे. कोंड्यात नत्र जास्त. पण ते वाढलेले ताट हिरव्या बुरशीलाही आवडते, शिवाय पिशवी आतून तापते. नुसत्या गरम पाण्यावर भागवणाऱ्याने कोंड्याच्या वाटेला जाऊ नये, असे मला वाटते. चांगल्या पेंढ्यावर, निगा राखली तर, एक किलो कोरड्या पेंढ्यामागे पाऊण किलो ताजी अळंबी मिळते. ते काय थोडे झाले?

एखाद्या पिशवीवर हिरवा डाग दिसलाच, तर ती गाळ्यात उघडू नका. तशीच बाहेर नेऊन लांब पुरा. आणि पेंढेवाला बदलला, तर आधी चारच पिशव्या भरून पंधरा-वीस दिवस वाट पहा. त्या पांढऱ्या झाल्या, की मग पन्नास पिशव्यांचे बियाणे मागवा.