बेचाळिसाव्या वर्षी नवखा

नाकावर चाळिशी चढली की माणूस 'आता काय राहिले आहे आपले' अशा सुरात बोलू लागतो. मीही बोलू लागलो होतो. तेवढ्यात सॅचेल पेजची हकीकत वाचनात आली. बेसबॉलमधले मला फारसे कळत नाही. आपला गोलंदाज तसा तिथला पिचर. मात्र साठ फुटांवरून त्याने टाकलेला चेंडू टप्पा न घेता थेट फलंदाजापुढे येतो, एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे.

पेजचा जन्म १९०६ सालचा, अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मोबील गावचा. लहानपणी तो स्टेशनावर उतारूंच्या बॅगा उचली. 'सॅचेल' म्हणजे पिशवी, हे नाव तिथूनच चिकटले म्हणतात. दुकानातून किरकोळ जिन्नस चोरले म्हणून बाराव्या वर्षी पोराची रवानगी सुधारगृहात झाली. पाच वर्षे! पण चेंडू टाकण्याची खरी तालीम त्याला मिळाली ती तिथेच.

१९२६ पासून तो पैसे घेऊन खेळू लागला. मात्र मेजर लीगची दारे काळ्या माणसाला बंद होती. त्यांची 'निग्रो लीग' निराळी, आणि जिथे सामना तिथल्या खानावळीत थारा मिळेलच असे नाही. ऐन उमेदीची वीस वर्षे पेजने अशी गावोगाव हिंडण्यात घालवली. (त्या लीगचे आकडे मेजर लीगने आपल्या वहीत धरले ते २०२४ साली, पेज १९८२ मध्येच गेला होता.) प्रदर्शनीय सामन्यांत गाठ पडे तेव्हा गोरे फलंदाजही त्याची थोरवी मान्य करीत. तरी १९४७ मध्ये ते दार उघडले तेव्हा आत पहिला गेला तो त्याच्याच संघात एक हंगाम खेळलेला तरुण जॅकी रॉबिन्सन. पेज मनातून दुखावला, आणि ते त्याने लपवलेही नाही. मला तो इथे फार जवळचा वाटला.

७ जुलै १९४८. बेचाळिसाव्या वाढदिवशी क्लीव्हलंडच्या संघाने त्याला करारबद्ध केले. हा तर जाहिरातीचा खेळ, असे टीकाकार म्हणाले. नवख्या पेजने त्या हंगामात सहा सामने जिंकून दिले, एकच गमावला, आणि संघ अजिंक्य ठरला. पुढचा पाय टेकवून क्षणभर थबकायचे आणि मग चेंडू सोडायचा, ही त्याची खास लकब. फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळा! शेवटी लीगच्या अध्यक्षांनी त्या चेंडूवर बंदीच घातली.

१९६५ मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, कॅन्सस सिटीच्या मालकाने त्याला एका सामन्यापुरते आणले. झुलती खुर्ची, शेजारी परिचारिका, असा सगळा थट्टेचा थाट. म्हातारा उठला आणि बॉस्टनविरुद्ध तीन डाव टाकून आला. फटका बसला तो एकच. तो परतताना मैदानावरचे दिवे मालवले, आणि प्रेक्षकांनी काड्या पेटवून धरल्या.

१९६८ साली अटलांटाच्या संघाने त्याला नोकरीवर घेतले. खेळण्यासाठी नव्हे. मेजर लीगच्या पेन्शनला त्याचे १५८ दिवस कमी पडत होते.