शिडाच्या बोटीची गळकी खिडकी

केबिनच्या न उघडणाऱ्या खिडकीतून पाणी झिरपायला लागलं की बरेच जण बाहेरून सिलिकॉनचा पट्टा ओढून मोकळे होतात. कृपा करून असं करू नका! पाणी फक्त वाट बदलतं. शिवाय सिलिकॉनचा तेलकट थर मागे राहतो आणि पुढचं सीलंट त्यावर धरत नाही.

खरं कारण ऊन. ही 'काच' बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते. मीटरभर अ‍ॅक्रिलिक 30 अंशांनी तापलं की सुमारे 2 मिलिमीटर वाढतं. केबिनच्या भिंतीचं फायबरग्लास त्याच्या निम्म्याहूनही कमी. रोजच्या या ओढाताणीत सीलंट सुटतं.

म्हणून खिडकी पूर्ण काढाच. जुनं सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. अ‍ॅसिटोन अ‍ॅक्रिलिकला लावू नका, बारीक तडे जातात. खिडकीसाठी भिंत कापलेली असते, त्या कडेत फायबरग्लासच्या आतलं लाकूड ओलं, काळपट दिसलं तर आधी ते सुकवून इपॉक्सीने बंद करा. गळतीचं खरं नुकसान तिथेच होतं.

स्क्रूने बसवलेल्या खिडकीसाठी माझी पसंती ब्यूटिल टेपला, म्हणजे मऊ, चिकट सीलंटच्या पट्टीला. अ‍ॅक्रिलिकमधली भोकं स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवा, म्हणजे त्याला हलायला जागा राहते. स्क्रू एका दमात आवळू नका. दोन-तीन दिवस थोडं थोडं आवळत गेलं की चारही कडांनी ब्यूटिल सुतळीसारखं बाहेर येतं. तेवढं कापून टाकायचं.

मग गळती थांबली का ते तपासायला एकाने बाहेरून पाण्याची नळी धरायची, खालून वर सरकवत. दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं, कोरडा टिश्यू कडेने फिरवत.