स्विफ्ट कोड म्हणजे काय? परदेशातून पैसे मागवताना आयएफएससी का पुरत नाही?

मुलगा दुबईत किंवा मुलगी जर्मनीत नोकरीला असेल, तर कधी ना कधी विचारणा होते, "पैसे पाठवायचेत, बँकेचा स्विफ्ट कोड काय?" अशा वेळी अनेक जण पासबुकावरचा आयएफएससी कोड पाठवून मोकळे होतात आणि पैसे अडकतात.

दोन्हींत फरक काय?

आयएफएससी फक्त भारतातल्या व्यवहारांसाठी असतो. त्यात ११ अक्षर-अंक असतात आणि पाचव्या जागी नेहमी शून्य असते. स्विफ्ट कोड, म्हणजेच बीआयसी, जगभरात चालतो. तो ८ किंवा ११ अक्षरांचा असतो.

एचडीएफसी बँकेचा कोड पाहा: 'एचडीएफसी-आयएन-बीबी'. पहिली चार अक्षरे बँकेची, पुढची दोन देशाची (आयएन म्हणजे भारत) आणि नंतरची दोन ठिकाणाची. ११ अक्षरी कोडमधली शेवटची तीन शाखा दाखवतात.

स्विफ्ट पैसे पाठवते का?

नाही. १९७३ साली १५ देशांतल्या २३९ बँकांनी एकत्र येऊन बेल्जियममध्ये ही संस्था सुरू केली. त्याआधी बँका टेलेक्सवर निरोप पाठवायच्या. स्विफ्टही निरोपच पोहोचवते, पण सुरक्षितपणे. प्रत्यक्ष हिशेब बँका आपापसातल्या खात्यांतून करतात. मध्ये तिसरी बँक असेल, तर ती शुल्क कापू शकते. म्हणूनच कधी कधी पाठवलेल्या रकमेपेक्षा थोडी कमी रक्कम जमा होते.

हे लक्षात ठेवा

प्रत्येक शाखेला स्वतंत्र स्विफ्ट कोड नसतो. गावातल्या शाखेला नसेल, तर कोणता कोड द्यायचा हे बँकेलाच विचारा. अनेक सहकारी बँका दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत पैसे स्वीकारतात. तेव्हा त्या बँकेचाही तपशील द्यावा लागतो.

परदेशातल्या फॉर्ममध्ये 'आयबॅन' मागितला, तर गोंधळू नका. भारतीय खात्यांना आयबॅन नसतो. खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड द्या.

कोड किंवा खाते क्रमांक चुकला, तर पैसे परत जातात किंवा चौकशीत अडकतात. नाव पासबुकावर आहे तसेच लिहा.

स्विफ्ट कोड गुप्त नसतो. तो दिल्याने कुणी खात्यातून पैसे काढू शकत नाही. पण "परदेशातून पैसे आलेत, जमा करायला ओटीपी सांगा" असा फोन आला, तर तो सरळ ठेवून द्या. पैसे घ्यायला ओटीपी लागत नाही.