लाकडाची मासोळी

मासा गळाला लागतो तो खाण्याच्या लोभाने, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नदीकाठी गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून तासन् तास बसलेली माणसेही आपण पाहतो. पण गळाला खाण्याचे काहीच नसेल, नुसता रंगवलेला लाकडाचा तुकडा असेल, तर मासा त्यावर झडप का घालील?

अशी लाकडी आमिषे पूर्वीपासून बनत होती. पण या प्रश्नाच्या मुळाशी गेले ते फिनलंडमधले एक गरीब मच्छीमार, लाउरी रापाला. त्यांचा जन्म १९०५ सालचा. पाइयान्ने नावाच्या विस्तीर्ण सरोवरात होडी वल्हवत ते मासेमारी करीत. लांबच लांब दोरीला शेकडो गळ आणि प्रत्येक गळाला हाताने लावलेला छोटा मासा, अशी ही पद्धत. दिवसाचा कितीतरी वेळ आमिष लावण्यातच जाई. तो वेळ वाचला, तर घरात चार पैसे जास्त येणार होते.

होडीतून पाण्यात पाहताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. छोट्या माशांच्या थव्यात मोठा शिकारी मासा शिरला, की तो बहुधा थव्याशी नीट न जुळणाऱ्या, किंचित डगमगत पोहणाऱ्या माशावर झेप घेतो. दुबळे भक्ष्य कमी श्रमात मिळते, हा त्याचा हिशेब. तेव्हा नक्कल करायची ती माशाच्या रूपाची नव्हे, तर त्याच्या चालीची! १९३६ साली रापालांनी जोडे शिवणाऱ्याच्या चाकूने बुचाचा एक मासा कोरला. त्यावर चॉकलेटच्या वेष्टनातली चांदी चिकटवली आणि वितळवलेल्या फोटोच्या निगेटिव्हचा लेप दिला. पुढे बुचाची जागा बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाने घेतली.

हे काम शिकायचे, तर लाकूड हलके आणि सरळ रेषांचे हवे. बाल्सा दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी वापरला जाणारा पांगारा याच हलक्या जातीचा. बोटभर लांबीचा चौकोनी ठोकळा घेऊन त्यावर आधी मध्यरेषा आखावी. तोंडाजवळची खाच आणि पोटाखालची चीर ठोकळा चौकोनी असतानाच करवतीने कापावी. गोलाई आल्यावर खाच सरळ बसत नाही. मग चाकू, कानस आणि शेवटी पॉलिश पेपर.

पोटाच्या चिरेतून एकच तार तोंडापासून शेपटीपर्यंत नेतात आणि गळ अडकवायच्या कड्या तिलाच वळवून करतात. लाकूड फुटले तरी मासा सुटत नाही, तो यामुळे. त्याच चिरेत शिशाचा छोटा तुकडा बसवतात. शिसे विषारी असते. ते घरात वितळवू नये आणि हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत. गळ टांगून मासोळी बादलीत सोडावी. ती पोट खाली ठेवून स्थिर तरंगली, की वजन बरोबर. नंतर चीर बुजवून व्हार्निशचे दोन-तीन हात द्यावेत. नाहीतर लाकूड पाणी पिऊन फुगते आणि रंग तडकतो.

खरी करामत तोंडाखालच्या खाचेत बसवलेल्या छोट्या पट्टीची. तिला जीभ म्हणू. दोरी ओढली, की पाणी जिभेवर आदळते आणि नाक खाली दबते. जिभेच्या दोन्ही कडांवरून पाणी आळीपाळीने निसटते, त्यामुळे मासोळी कधी डावीकडे, कधी उजवीकडे कलते. पोटातले शिसे तिला पुन्हा सरळ करते. या ओढाताणीतून ती डगमग जन्मते. जीभ उभी असेल तर मासोळी पाण्याच्या वरच्या थरातच राहते. अंगाच्या रेषेत पुढे झुकलेली असेल तर खोल जाते.

यात एक गंमत आहे. चाल हवी दुबळ्या माशाची, पण अंग मात्र दोन्ही बाजूंनी अगदी सारखे हवे. एक बाजू जरा जास्त तासली गेली, की मासोळी डगमगण्याऐवजी एकीकडे पळते किंवा गरगर फिरते. थोडा दोष असेल, तर नाकावरची कडी पकडीने केसभर वाकवतात. ती डावीकडे पळत असेल तर कडी उजवीकडे, उजवीकडे पळत असेल तर डावीकडे. जास्त बिघडली असेल, तर नवा ठोकळा घ्यावा.

१९६२ साली अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकात रापालांच्या मासोळीवर लेख आला. मुखपृष्ठावर नुकतीच निधन पावलेली मर्लिन मन्रो असल्याने तो अंक घरोघरी वाचला गेला आणि मागणी पुरवता पुरवेना. घरातला उद्योग कारखाना झाला, तरी प्रत्येक मासोळी पाण्यात ओढून पारखण्याची रीत त्यांनी सोडली नाही. १९७४ साली रापाला वारले.

नवशिक्याने म्हणूनच रंगकामाची घाई करू नये. डोळे, खवले, चंदेरी पोट हे सारे पाहून आपण खूश होतो. मासा आधी चाल पाहतो. ती पाण्यात सोडल्याशिवाय कळत नाही.