अन्ननलिकेचा कॅन्सर आणि टेलची चारी

आमच्याकडे प्रवरेच्या कालव्याला आवर्तन सुटलं की आधी हेडच्या चाऱ्या भिजतात, टेलवाल्यांना पाणी शेवटी. अन्ननलिकेतल्या लसिकेचं गणित इतकं सरळ नाही, आणि सर्जनची पंचाईत तिथूनच सुरू होते.

अन्ननलिका साधारण 25 सेंटीमीटर लांब. तिच्या अस्तराखाली, म्हणजे सबम्युकोसात, लसिकावाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि ते मुख्यतः उभं पसरतं. त्यामुळे छातीतल्या गाठीच्या पेशी शेजारची लसिकाग्रंथी सोडून थेट मानेत किंवा जठराजवळ पोचू शकतात. याला स्किप मेटास्टॅसिस म्हणतात. हेडची चारी कोरडी आणि टेलला पाणी!

म्हणून ऑपरेशनमध्ये गाठीबरोबर ग्रंथीही काढतात. पोट आणि छातीतल्या काढल्या तर टू-फील्ड, मानेतल्याही काढल्या तर थ्री-फील्ड. मग सरसकट सगळ्याच का काढत नाहीत? कारण भारतात जास्त आढळणाऱ्या स्क्वॅमस प्रकारात ज्या ग्रंथी महत्त्वाच्या, त्यातल्या बऱ्याच रिकरंट लॅरिंजियल नर्व्हला चिकटून असतात. ही नर्व्ह दुखावली की आवाज बसतो, घास श्वासनलिकेत जातो, न्यूमोनिया होऊ शकतो. आधीच गिळता येत नाही म्हणून आलेल्या माणसासाठी ही किंमत लहान नाही.

मग जास्त ग्रंथी काढल्याने पेशंट जास्त जगतो का? इथे एक सापळा आहे. पहिल्या जर्नल क्लबमध्ये मी त्यात सपशेल पडलो होतो. एकाही ग्रंथीत कॅन्सर नसेल तर N0, 1-2 ग्रंथींत असेल तर N1, 3-6 मध्ये N2, 7 किंवा जास्त असतील तर N3. आता समजा, एका पेशंटच्या 6 ग्रंथी काढल्या, सगळ्या स्वच्छ: N0. त्याच्याच 25 काढल्या असत्या आणि दोनांत कॅन्सर सापडला असता, तर N1. माणूस तोच, आजार तोच, स्टेज बदलली. जास्त ग्रंथी काढणाऱ्या हॉस्पिटलात असे लपलेले पेशंट N0 मधून N1 मध्ये सरकतात. दोन्ही गटांचे आकडे सुधारलेले दिसतात, एकही जीव जास्त न वाचता. म्हणून स्टेजनुसार तुलना फसवते. मुंबईच्या टाटा मेमोरियलने टू-फील्ड विरुद्ध थ्री-फील्ड हा प्रश्न यादृच्छिक चाचणीतून विचारला, त्याचं महत्त्व इथे कळतं: गट ऑपरेशनआधीच चिठ्ठीने ठरतात आणि तुलना अख्ख्या गटाची होते.

पॅथॉलॉजी रिपोर्टवर 0/6 दिसलं आणि 0/25 दिसलं, तर दोन्हींपुढे N0 च लिहिलेलं असेल. छेदाखालचा आकडा आधी वाचा.